स्विचवरची टोपी

साडेपाच वाजले होते आणि अमीनसाहेब अजून आले नव्हते. आमचे मॅनेजर दर दोन मिनिटांनी दारात जाऊन रस्ता बघत होते. मी पॉवर हाउसच्या स्विच रूममध्ये फडकं घेऊन बोर्ड पुसत होतो. हे माझं काम नव्हतं. मी वायरमन, माझं काम लोकांच्या घरात. पण त्या दिवशी मॅनेजरनं मला मुद्दाम थांबवून घेतलं होतं.

"हर चीज चमकनी होना," ते म्हणाले होते. "और कोई ऐसी-वैसी चीज अमीनसाब के नजर में नईं आनी. समझे?"

अमीन म्हणजे आजचा फौजदार. निजामाचं राज्य होतं. साल सेहेचाळीस नाहीतर सत्तेचाळीस, थंडीचे दिवस. धाराशिव कागदावर उस्मानाबाद होतं. गावाला वीज होती, पण ती फक्त दिवेलागणीपासून मध्यरात्रीपर्यंत, आणि तीही कचेरी, साहेबांचे बंगले आणि बाजार एवढ्यापुरती. एका खाजगी ठेकेदाराचं छोटं पॉवर हाउस होतं. तेलावर चालणारं एक इंजिन, त्याला जोडलेला डायनॅमो आणि संगमरवरी पाटीवर बसवलेले तीन मोठे स्विच. एक स्विच कचेरीचा, एक बाजाराचा, एक बंगल्यांचा. मूठ खाली असली की लाइन बंद. मूठ वर ढकलली की सुरीसारखं तांब्याचं पातं फटीत बसायचं आणि तेवढ्या भागात वीज जायची. अशा एकेका भागाच्या लाइनला आम्ही फीडर म्हणायचो.

मी पुसत पुसत मधल्या स्विचपाशी आलो. हा बाजाराचा. त्याच्या लाकडी मुठीवर एक पांढरी टोपी अडकवलेली होती.

ती टोपी मी काढली.

हे चार शब्द लिहायला मला साठाहून जास्त वर्षं लागली. ही हकिगत मी पुष्कळदा सांगितली आहे, भाषणांतसुद्धा सांगितली आहे. पण दर वेळी हे वाक्य गाळून सांगितली.

टोपी तिथं का होती ते आधी सांगतो. लाइनमन दिवसा खांबावर चढायचा तेव्हा इंजिन बंदच असायचं, त्यामुळं भीती नव्हती. पण काम लांबलं आणि दिवेलागण झाली तर? पॉवर हाउसमध्ये फोन नव्हता. बाजारातला माणूस खांबावरून ओरडून इथं ऐकू येत नव्हतं. म्हणून एक रिवाज पडला होता. लाइनवर जाणारा माणूस आपली टोपी त्या फीडरच्या मुठीवर अडकवून जायचा. टोपी आहे म्हणजे माणूस लाइनवर आहे. ज्याची टोपी त्यानंच येऊन ती काढायची. तोवर त्या मुठीला कोणी हात लावायचा नाही, मग बाजार अंधारात राहिला तरी चालेल. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पण सगळे पाळायचे. मॅनेजरसुद्धा शिव्या देत का होईना, पण पाळायचे.

टोपी दगडूची होती. दगडू आमचा लाइनमन, परंड्याकडचा, सोनारीचा. भैरवनाथाचं नाव घेतल्याशिवाय खांबावर पाय ठेवायचा नाही. तो चार वाजता बाजारातल्या खांबावर चिनीमातीचा फुटलेला कप बदलायला गेला होता. हे कप तारेला खांबापासून अलग ठेवतात. काम तासाभराचं होतं, पण दगडूचा तास मोठा असायचा.

त्या दिवसांत डोक्यावर काय आहे यावरून माणूस ओळखला जायचा. रुमाल, तुर्की टोपी, काळी टोपी, सगळ्याला अर्थ होता. आणि पांढऱ्या टोपीला सगळ्यात जास्त. तेवढ्यावरून माणसं ठाण्यात नेलेली मी बघितली होती. दगडूला राजकारण कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. त्याचा मेहुणा बार्शीला गिरणीत होता. बार्शी इंग्रजी मुलूख, तिथं असल्या टोप्या उघड विकायला असायच्या. मेहुण्यानं दिली, दगडूनं घातली. "डोकं झाकतंय न्हवं?" एवढंच त्याचं म्हणणं.

पण अमीनसाहेब येणार, सरळ या बोर्डापुढं उभे राहणार आणि त्यांच्या डोळ्यांपुढं ही टोपी. आणि खोलीत मी एकटा. मला माझ्या वडिलांचं बेंबळीचं घर दिसलं, दारात उभे राहिलेले पोलिसांचे जवान दिसले. मी टोपी काढली आणि बोर्डाखाली चिंध्यांचा डबा होता त्यात खुपसली. इंजिनाचं तेल पुसायला लागणाऱ्या चिंध्या. मनाशी म्हटलं, अमीनसाहेब गेले की लगेच परत अडकवू. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे.

अमीनसाहेब त्याच वेळी आले. त्यांनी बोर्डाकडं धड बघितलंसुद्धा नाही. इंजिनाचा आवाज ऐकून कपाळाला आठ्या घातल्या आणि मॅनेजरच्या ऑफिसात जाऊन बसले. वीज बघायला ते आलेच नव्हते. पाच मिनिटांत मला बोलावणं आलं.

"बेंबळीवाले तुमीच क्या?" त्यांनी विचारलं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं. म्हणजे माझी माहिती आधीच काढलेली होती.

"जी साहेब. मारुती."

"युनियन में हो?"

"नाही साहेब."

"क्यूं नईं?"

युनियनमध्ये असणं हा गुन्हा असेल असं मला वाटत होतं. नसण्याबद्दलही जाब द्यावा लागेल हे लक्षात आलं नव्हतं.

युनियनचं थोडं सांगतो. आमच्याकडं करीमभाई नावाचे स्विचबोर्ड अटेंडंट होते. बोर्ड सांभाळायचा, वेळ झाली की इंजिन सुरू झालेलं बघून एकेक फीडर चालू करायचा, हे त्यांचं काम. आधी ते हैदराबादेत होते. तिथल्या बिजली कामगारांची युनियन होती आणि ते तिचे मेंबर. इथं आल्यावर त्यांनी आम्हा नऊ जणांत तिची शाखा काढायचं मनावर घेतलं. सहा जण झाले. दगडू सहावा. मी झालो नाही.

मला करीमभाईंचा संशय यायचा. एवढा हुशार माणूस हैदराबाद सोडून इथं का आला? त्यांच्याकडं एक वही होती. तिच्यात ते मेंबरांची नावं लिहायचे आणि नावापुढं घरचा पत्ता, घरात कोण कोण, नातेवाईक कुठं. मी एकदा विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, "अरे बाबा, तुला काही झालं तर कुणाला कळवायचं? मॅनेजरला ठाऊक आहे का तुझं घर?" मला ते पटलं नाही. मला वाटलं, ही यादी दुसरीकडं जात असणार. हिंदू कामगारांतले काही म्हणायचे की करीम मुसलमान आहे, ही यादी सरकारात जाते. मुसलमान कामगारांतले काही म्हणायचे की सभा-बिभा म्हणजे काँग्रेसवाल्यांचं काम, करीम त्यांना फितूर आहे. करीमभाई दोन्ही ऐकायचे आणि म्हणायचे, "तुम्ही दोघं आधी एकमेकांत ठरवा, मग मी त्याप्रमाणं होतो."

टोपीची पद्धत त्यांना पसंत नव्हती. वाऱ्यानं पडेल, कोणी घालून जाईल. हैदराबादेत युनियननं पितळेचे बिल्ले करून घेतले होते. प्रत्येकाला एक नंबर, बिल्ला मुठीला अडकवायचा, वर मूठ अडवून धरणारा खटका. इथंही ते करायचं त्यांनी सुचवलं. पण सगळ्यांनी वापरले तरच त्याचा उपयोग. एकाचा बिल्ला आणि दुसऱ्याची टोपी असं चालत नाही. मीच मोडता घातला. मी म्हटलं, "आज बिल्ल्यावर नंबर, उद्या त्या नंबरापुढं नाव, परवा ते ठाण्यात." इतर दोघांनी माझी री ओढली. बिल्ले राहून गेले. टोप्याच चालू राहिल्या.

तर अमीनसाहेब विचारत होते, युनियनमध्ये का नाही. मी म्हटलं, "साहेब, आपण बरं, आपलं काम बरं."

"अच्छा. वो करीम एक किताब में लिखता बोलते. क्या लिखता?"

मॅनेजर खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, "नावं लिहितो साहेब. गाव, घर, घरातली माणसं."

"घर के लोगां के नामां? वो काय कू?"

"मला ठाऊक नाही साहेब," मी म्हणालो. ठाऊक होतं. करीमभाईंनी तोंडानं सांगितलं होतं. पण मी म्हणालो, ठाऊक नाही.

अमीनसाहेब मान हलवून चहा प्यायला लागले. आणि तेवढ्यात टेबलावरचा दिवा लागला.

आमच्या ऑफिसला बाजाराच्या फीडरवरून वीज होती.

मी दिव्याकडं बघत उभा राहिलो. एक-दोन सेकंद असतील. दिवा फडफडला आणि विझला. स्विच रूममधून करीमभाईंची आरोळी आली, "लाइन पे कोई है!" मग पळण्याचा आवाज.

झालं होतं ते असं. करीमभाई पाचला कामावर आले ते सरळ इंजिनाकडं गेले, कारण इंजिन थंडीनं कुरकुरत होतं. बोर्डापुढं ते आले सहाला. बाजाराच्या मुठीवर टोपी नव्हती. म्हणजे लाइन मोकळी. त्यांनी मूठ वर केली. केली त्या क्षणी बोर्डावरच्या मीटरचा काटा एकदम उडाला. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, कुठं तार तारेला लागली असेल. करीमभाईंनी मूठ खाली ओढली आणि ते बाजाराकडं पळत सुटले. त्यांनी काटा बघितला नसता तर दगडू जागीच गेला असता.

मी पोहोचलो तेव्हा दगडू खांबावर कमरेच्या दोरावर लटकत होता. करीमभाई चढले, दोर सोडून त्याला खांद्यावर घेतला, खाली आणला. त्याचा श्वास चालत नव्हता. लोक म्हणाले, गेला. करीमभाईंनी त्याला पालथा घातला, त्याच्या मांड्यांवर गुडघे टेकून बसले आणि दोन्ही हातांनी पाठीचा खालचा भाग दाबायला लागले. दाबायचं, सोडायचं. युनियननं हैदराबादेत हे शिकवलं होतं. इथंही त्यांनी मेंबरांना शिकवलं होतं. मी त्या दिवशी गेलो नव्हतो. किती वेळ दाबत होते सांगता येणार नाही. करीमभाईंच्या घामाचे थेंब दगडूच्या सदऱ्यावर पडत होते. शेवटी दगडू खोकला.

उजवा हात मनगटापासून भाजला होता. पुढं तीन बोटं गेली, उरलेली दोन वाकडी होऊन बसली.

सोनारीला निरोप कसा धाडायचा, हा प्रश्न आला. मॅनेजरच्या रजिस्टरमध्ये नुसतं 'दगडू, लाइनमन' एवढंच होतं. करीमभाईंनी ती वही काढली. तिच्यात दगडूच्या भावाचं नाव होतं आणि मेहुण्याचा बार्शीचा पत्ताही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोघंही दवाखान्यात हजर होते.

मी पॉवर हाउसवर परत गेलो, डब्यातून टोपी काढली आणि इंजिनाशेजारी पाणी तापवायची चूल होती तिच्यात घातली. कोणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं मला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं.

"मारुती, बोर्ड तुम पुसे. टोपी थी?"

मी लावलेल्या दाराकडं बघितलं.

"देखो. टोपी थी बोले तो अमीनसाब पूछेंगे, किसने निकाली. काय कू निकाली. हमारे डर से निकाली बोलेंगे क्या?" त्यांनी दौत पुढं ओढली. "और बडे इन्स्पेक्टर पूछेंगे, टोपी पे कारखाना चलाते क्या तुम लोगां? तुम कुछ नईं देखे. मैं बी कुछ नईं देखा."

मग एक कागद पुढं केला. उर्दूत लिहिलेला. मला उर्दू वाचता यायचं, शाळा त्याच भाषेत झालेली. त्यात होतं की मी बोर्ड पुसला तेव्हा कुठल्याही मुठीवर काहीही नव्हतं. मी सही केली.

याचा परिणाम काय होणार हे मला समजायला हवं होतं. दगडू शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा काय म्हणाला असेल, तर "माझी टोपी व्हती. म्या सोता अडकावली." आणि करीमभाई शपथेवर सांगत होते, टोपी नव्हती. एक जण खोटं बोलत असणार, असं सगळ्या गावाला वाटलं. पेठेत बोलायला लागले, करीमनं मुद्दाम केलं, हिंदू लाइनमनला मारायला बघितला. दुसरीकडं बोलायला लागले, दगडू कामात चुकला आणि आता मुसलमानाला तुरुंगात घालायला बघतोय. आमच्या नऊ जणांतही दोन तट पडले. चहाची भांडी वेगळी झाली. करीमभाई दवाखान्यात गेले तर दगडूच्या भावानं त्यांना दारातून परत पाठवलं. ज्यानं पाठ दाबून श्वास आणला, त्यालाच.

दोघंही खरं बोलत होते. आणि हे एकट्या मलाच पक्कं ठाऊक होतं.

महिन्याभरानं हैदराबादेहून विजेचे इन्स्पेक्टर चौकशीला आले. त्यांच्या हातात करीमभाईंचा परवाना होता. विजेचं काम करायला सरकारी परवाना लागायचा. तो गेला की त्या माणसाला राज्यात कुठं तारेला हात लावता येत नसे. आणि अमीनसाहेबांची तयारी त्याच्याही पुढची होती. मुद्दाम केलं असं ठरलं तर फौजदारी. करीमभाईंना तीन लेकरं होती.

युनियननं एक माणूस पाठवला. मला वाटलं होतं, वकील असेल. तो एक म्हातारा तेलुगू फिटर निघाला, व्यंकटय्या नावाचा. धोतर, कोट, तेलाचे डाग न निघालेली नखं. तो करीमभाईंचा माणूस म्हणून आलाय असं आम्ही धरून चाललो. पण चौकशीच्या खोलीत त्यानं एक खुर्ची उचलली, करीमभाई आणि दगडू यांच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसला.

इन्स्पेक्टरांनी विचारलं, "आप किसकी तरफ से?"

"दोनों की तरफ से साब. दोनों मेरे मेंबर हैं."

"दोनों एक दूसरे के खिलाफ बोल रहे हैं."

"बोलने दो साब. मैं इनकू नईं जानता, लेकिन धंदा चालीस साल से जानता हूं." मग तो जे बोलला ते मला शब्दाशब्दाला आठवतं. "लाइन पे जाने वाला टोपी नईं भूलता, उसका जान है. बोर्डवाला टोपी रहते मूठ नईं उठाता, उसका बी ईमान है. दोनों सच्चे हैं ऐसा पकड के चलो. फिर क्या बचता?"

इन्स्पेक्टर म्हणाले, "तीसरा हाथ."

"स्विच रूम में और कौन था?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. दगडूही बघत होता, गळ्यात हात बांधलेला. करीमभाई बघत नव्हते. ते जमिनीकडं बघत होते. मला नंतर वाटलं, त्यांना कळलं असावं. पण पुराव्याशिवाय कोणावर आळ घ्यायचा नाही, ही त्यांची रीत होती.

मला उभं केलं. माझ्या शेजारी कोणी नव्हतं. समोर मॅनेजर, कोपऱ्यात अमीनसाहेब. इन्स्पेक्टरांनी माझा कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "ये सही है?"

मी म्हटलं, "जी. सही है."

जेवणाच्या सुट्टीत मी विहिरीपाशी तोंड धूत होतो. व्यंकटय्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं विडी पेटवली.

"तुम मेंबर नईं हैं ना?" त्यानं विचारलं.

"नाही."

"होते तो तुम्हारे बाजू में बी बैठता मैं." मग म्हणाला, "सच बोलने कू एक आदमी बाजू में लगता. मालूम है मेरे कू."

त्यानं विडी संपवली आणि गेला. मला अजून वाटतं, त्याला तेव्हाच माझ्या तोंडून ऐकायचं होतं. आणि मी बोललो असतो तर तो खरोखर शेजारी बसला असता. पण तेव्हा मला वाटलं, हा सापळा आहे.

निकाल असा लागला. मुद्दाम केलं याला काही पुरावा नाही, म्हणून फौजदारी नाही. ठेकेदारानं टोपीवर कारभार चालवला हा त्याचा दोष. यापुढं शटडाउनचं बुक ठेवायचं. शटडाउन म्हणजे काम चालू असेपर्यंत लाइन बंद ठेवणं. कोण लाइनवर गेला, कधी गेला, कधी आला, सही करायची, आणि मुठीला नंबराचा बिल्ला व खटका. मात्र 'बोर्ड अटेंडंटनं खात्री करून घ्यायला हवी होती' असा शेरा मारून करीमभाईंचा परवाना वर्षभरासाठी बंद केला. मी खरं दडवलं म्हणून. टोपी मी काढली असं बोललो असतो तर तो शेरा माझ्यावर आला असता.

युनियननं दोन गोष्टी केल्या. दगडूला कामावरून काढायचं ठरत होतं, ते होऊ दिलं नाही. त्याला स्टोअरमध्ये बसवला, कप, तारा, बल्ब मोजून द्यायला. डाव्या हातानं लिहायला तो सहा महिन्यांत शिकला. आणि करीमभाईंना सोलापूरच्या एका गिरणीत चिठ्ठी देऊन पाठवलं. सोलापूर इंग्रजी मुलूख, तिथं निजामाच्या परवान्याचं अडत नव्हतं. जाताना ते सगळ्यांना भेटले. दगडू भेटला नाही. मला म्हणाले, "मारुती, मेंबर हो. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी."

मी झालो. पुढं राज्य बदललं, ठेकेदार गेला, सरकारचं वीज बोर्ड आलं, मी त्या बोर्डात लागलो. युनियनच्या कामात पडलो. आमच्या डिव्हिजनचा सेक्रेटरी झालो. नवी मुलं विचारायची, मेंबर होऊन काय फायदा? मग मी ही गोष्ट सांगायचो. पाठ दाबून श्वास आणल्याची, वहीतल्या पत्त्याची, मधोमध ठेवलेल्या खुर्चीची. आणि शेवटी म्हणायचो, 'टोपी कुणी काढली ते कधीच कळलं नाही.' मुलं टाळ्या वाजवायची. त्यातली दोन-चार तरी असतील जी अजून नोकरीत आहेत. त्यांनी हे वाचावं.

चार वर्षांपूर्वी मी सोनारीला गेलो. यात्रा नव्हती, गाव रिकामं होतं. दगडू लेकाच्या घराच्या ओट्यावर बसला होता. त्याला ऐकू चांगलं येत होतं. डाव्या हातानं त्यानं मला पाणी दिलं.

"आता काय मीटर बघाया आलास व्हय?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "दगडू, टोपी मी काढली होती."

"कंची?"

"स्विचवरली. अमीन येणार होता म्हणून. डब्यात ठेवली आणि..."

"तू?"

"हो."

"करीमनं न्हाय?"

"नाही. त्याला ती दिसलीच नाही."

शेजारून शेरडं गेली. मी मनाची तयारी करून बसलो होतो, की तो शिव्या देईल, हात दाखवेल. त्यानं हात सदऱ्याखाली घेतला.

"हाताचं काय न्हाय रं," तो म्हणाला. "गेला तर गेला. करीमच्या थोरल्या लेकीच्या लग्नाचं बोलावणं आलं व्हतं मला. सोलापुरास्नं, पोष्टानं. म्या घेतलं न्हाय. पोष्टमनला म्हनलं, ह्या नावाचा मानूस हितं न्हाय म्हून लिव्ह आन् धाड माघारी. त्याला मिळालं आसंल की ते."

मी म्हटलं, "मिळालं असेल."

"लई वर्सं झाली त्याला जाऊन. मला कळलं व्हतं." मग एकदम चिडून म्हणाला, "माझ्याम्होरं काय बसलास? मला सांगून काय उपेग? लिव्ह हे सगळं. त्या लेकीला धाड. आन् ऊठ आता, तुझी यष्टी जाईल."

दगडू त्याच्या पुढच्या पावसाळ्यात गेला. सोलापूरच्या जुन्या गिरणी कामगारांकडून मी करीमभाईंच्या लेकीचा पत्ता मिळवला आणि तिला पत्र लिहिलं. उर्दूत लिहिलं, पहिलं फाडून पुन्हा लिहिलं. उत्तर आलेलं नाही. तिनं ते घेतलं की परत पाठवलं, हेही मला समजलेलं नाही.

मेंबर होण्याचा फायदा काय, असं आजही कोणी विचारलं तर माझं उत्तर तेच आहे. शटडाउनचं बुक मिळतं, घरी निरोप जातो, चौकशीत शेजारी खुर्ची टाकून बसणारा माणूस मिळतो. तो शेजारी बसतो, एवढंच. बोलावं आपल्यालाच लागतं, आणि ते चौकशी चालू असतानाच बोलावं लागतं.